चौघांची बैठक आणि फॅनीची वही

आज बुधवार. पण आज शेळ्यांच्या लसीकरणाची माहिती नाही, कर्जाच्या हप्त्यांचा विषय नाही आणि उन्हाळी वाळवणंही नाहीत. ते सगळं पुढच्या बुधवारी. आज अशा एका संगीताची गोष्ट सांगायची आहे, की ज्यात गाणारं कोणी नाही, तबला नाही, पेटी नाही. चार माणसं, चार तारांची वाद्यं आणि समोर कागद. बस्स.

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, दोघींचे हप्ते थकले होते त्यावरून नेहमीप्रमाणे थोडी कुरबुरही झाली. मग आम्ही म्हटलं, कोणी उठू नका, वीस मिनिटं एक ऐकायचंय. आमच्यातल्या एकीच्या मुलीनं मोबाईलवर उतरवून दिलं होतं, ते छोट्या स्पीकरवर लावलं. दोन मिनिटं सगळ्या गप्प. तिसऱ्या मिनिटाला एक काकू म्हणाल्या, "गाणं कधी सुरू होणार?" आम्ही सांगितलं, हेच ते. "मग बाई कधी गाणार?" बाई नाही गाणार, काकू. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "सिनेमात कुणी जायच्या आधी वाजतं ना, तसं वाटतंय." सगळ्या हसल्या.

पण तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्या कानांना व्हायोलिनची ओळख झाली ती सिनेमातूनच. मुंबईच्या स्टुडिओत जुन्या गाण्यांमागे व्हायोलिनचा जो ताफा वाजायचा, त्यात गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं असायचे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गजाननबुवा जोशींसारख्या कलावंतांनी हेच वाद्य मांडी घालून, रागदारीसाठी वाजवलं. तेव्हा वाद्य परकं असलं, तरी आवाज तितका परका नाही.

आम्ही ते संगीत का लावलं, हे मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. संपल्यावर सांगितलं. हे लिहिलं एका बाईनं. तिचं नाव फॅनी. लिहिलं १८३४ साली, जर्मनीतल्या बर्लिन शहरात. आणि छापलं गेलं १९८८ साली.

आमच्या गटातल्या सर्वांत वडील आजींनी बोटं मोजली नाहीत, पण हिशेब बरोबर केला. "म्हंजे दीडशे वरसं वही पेटीत?"

हो आजी. एकशे चोपन्न.

आता आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. याला म्हणतात स्ट्रिंग क्वार्टेट. म्हणजे तंतुवाद्यांची चौकडी. चौकडी म्हटलं की आपल्याला चांडाळचौकडीच आठवते, म्हणून आम्ही आपलं 'चौघांची बैठक' म्हणतो. दोन व्हायोलिनं, त्याहून थोडं मोठं आणि भरदार आवाजाचं व्हिओला, आणि खाली जमिनीवर टेकवून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा चेलो. चारही वाद्यं गजानं वाजवायची. घरात बहिणी-बहिणींचे आवाज ऐकले तर जसे एका घराण्याचे वाटतात, पण कोणाचा बारीक, कोणाचा जाड, तसं हे आहे. अर्धवर्तुळ करून चौघं बसतात. समोर हातवारे करणारा कोणी नसतो. मोठ्या वाद्यवृंदात एक जण उभा राहून सगळ्यांना चालवतो, इथं तसा चालवणारा नाही. सुरुवात करायची तर पहिल्या व्हायोलिनवाला नुसता श्वास घेतो, मान किंचित हलवतो, आणि बाकीचे तिघं त्या श्वासावर निघतात. प्रत्येकाच्या समोर फक्त आपापला कागद असतो. दुसरा काय वाजवतोय ते कागदावर दिसत नाही, ते कानांनीच ऐकावं लागतं. एकानं घाई केली की चौघं पडतात.

हे संगीत मूळचं सभागृहातलं नाही, घरातलं. दिवाणखान्यात बसून वाजवायचं. याला रूप दिलं त्यात सर्वांत मोठं नाव ऑस्ट्रियाच्या योसेफ हायडनचं. जन्म १७३२, एका खेड्यातला. बाप गाड्यांची चाकं बनवायचा, म्हणजे आपल्याकडचा सुतारच म्हणा. आई लग्नाआधी एका जहागीरदाराच्या घरी स्वयंपाकीण होती. पोरगं सहा वर्षांचं असताना गाणं शिकायला घराबाहेर पडलं, मग व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गात राहिलं, आवाज फुटल्यावर तिथून बाहेर. पुढं १७५०च्या दशकात एका सरदारानं त्याला आपल्या गावच्या घरी बोलावलं. तिथं वाजवू शकणारी चार माणसं होती : गावचा पाद्री, जहागिरीचा कारभारी, एक चेलोवाला आणि स्वतः हायडन. या चौघांना पुरेल असं काहीतरी लिही, असं त्याला सांगण्यात आलं. घरात जेवढं पीठ तेवढ्या भाकरी, असा तो कारभार. त्यातून त्यानं जे लिहायला सुरुवात केली ते पुढं जन्मभर, साठाहून जास्त वेळा लिहिलं.

१७८४ साली व्हिएन्नात एका घरी अशीच बैठक झाली. त्यात एका व्हायोलिनवर हायडन आणि व्हिओलावर मोझार्ट होता. तिथं हजर असलेल्या एका गायकानं पुढं आठवणीत लिहून ठेवलं, की वाजवणारे ठीक होते, पण आपापल्या वाद्यात फार पारंगत असा त्यातला कोणीच नव्हता. जगातले दोन सर्वांत मोठे संगीतकार, आणि ऐकणारा म्हणतोय 'ठीक होते'! आम्हाला हे फार आवडलं. पुढं बेथोव्हनच्या काळात, १८०४-०५च्या सुमारास व्हिएन्नातच शुपान्झिग नावाच्या व्हायोलिनवाल्यानं वर्गणी काढून लोकांसाठी अशा बैठका सुरू केल्या. घरातली गोष्ट तिकिटावर आली. मग ती अवघड होत गेली, आणि घरच्या कारभाऱ्या-पाद्र्यांच्या हातून सुटली.

जर्मनीचे मोठे कवी ग्योटे यांनी १८२९ साली आपल्या एका मित्राला पत्रात लिहिलं, की ही चौघांची बैठक ऐकणं म्हणजे चार शहाणी माणसं एकमेकांशी बोलत असलेली ऐकणं. तो मित्र होता बर्लिनचा संगीतशिक्षक त्सेल्टर. फॅनी आणि तिचा भाऊ फेलिक्स याच त्सेल्टरकडे शिकत होते.

चार शहाणी माणसं. पण मैत्रिणींनो, त्या चौघांत बाई जवळजवळ कधीच नसायची. त्या काळी युरोपात चांगल्या घरच्या मुलीनं पियानो वाजवावा, गावं, एवढं चाले. व्हायोलिन नाही. का? तर हनुवटीखाली वाद्य धरलं की मान वाकडी होते, हात जोरात हलतात, ते शोभत नाही. चेलो तर विचारूच नका, पाय फाकवून बसावं लागतं. अठराव्या शतकाच्या शेवटी एका जर्मन लेखकानं बायकांनी कोणती वाद्यं वाजवणं बरं दिसतं, यावर अख्खा लेख लिहिला होता. त्यात व्हायोलिन आणि चेलो दोन्ही बाद. ऐकणाऱ्याला कसं वाटतं हा प्रश्नच नाही, बघणाऱ्याला कसं वाटतं हा प्रश्न. आमच्यातल्या ज्या पहिल्यांदा सायकलवर बसल्या, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

यात एक गंमत आहे. इटलीतल्या व्हेनिस शहरात अनाथ आणि गरीब मुलींसाठी आश्रम होते, आणि तिथं मुलींना व्हायोलिनसकट सगळी वाद्यं शिकवत. इतकी चांगली, की परदेशातले लोक ऐकायला यायचे. अशाच एका आश्रमात शिकलेली माद्दालेना लोम्बार्दीनी उत्तम व्हायोलिन वाजवायची. तिनं लिहिलेले सहा क्वार्टेट १७६९ साली पॅरिसमध्ये छापले गेले. म्हणजे फॅनीच्याही पासष्ट वर्षं आधी. अनाथ मुलीला चालत होतं ते घरंदाज मुलीला चालत नव्हतं. ज्यांची अब्रू राखायला घर नव्हतं, त्यांच्या हातात व्हायोलिन आलं. याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, आम्हाला अजून नीट उमगलेलं नाही.

आता फॅनीकडे येऊ.

फॅनी मेंडेलसोन जन्मली १८०५ साली, हॅम्बुर्गला. बाप बँकवाला, घर श्रीमंत, आजोबा नावाजलेले तत्त्वज्ञ. चार भावंडं : फॅनी थोरली, मग फेलिक्स, मग रेबेका, धाकटा पॉल. फॅनी आणि फेलिक्समध्ये तीन-सव्वातीन वर्षांचं अंतर. दोघांचं शिक्षण सारखं झालं, एकाच शिक्षकाकडे. शिकवण्यात बापानं कुचराई केली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. तेरा वर्षांची असताना फॅनीनं वडिलांना खूश करायला बाखचे चोवीस प्रील्यूड पियानोवर तोंडपाठ वाजवले. चोवीस! पुस्तक न बघता.

आणि १८२० साली, फॅनी चौदा वर्षांची असताना, पॅरिसला गेलेल्या बापाचं पत्र आलं. त्याचा मतलब असा, की फेलिक्ससाठी संगीत कदाचित पोटापाण्याचा धंदा होईल, तुझ्यासाठी मात्र ते फक्त एक दागिना राहील, आयुष्याचा पाया होणार नाही.

हे वाचून दाखवलं तेव्हा गटात कोणी बोललं नाही. मग एक ताई म्हणाल्या, "दागिना तरी म्हणाला. आमच्या घरी दागिना मोडून भावाची फी भरली." विषय तिथंच थांबला.

फॅनीच्या तेविसाव्या वाढदिवसाला बापानं पुन्हा लिहिलं, की आता अधिक गंभीर हो, मुलीचं खरं काम एकच, गृहिणी होणं. पुढच्या वर्षी, १८२९ साली, तिचं लग्न चित्रकार विल्हेल्म हेन्सेल यांच्याशी झालं. फेलिक्स तेव्हा लंडनला होता. गाडीच्या अपघातात गुडघा दुखावल्यामुळं तो बहिणीच्या लग्नाला येऊ शकला नाही, आणि त्यानं कबूल केलेलं लग्नाचं संगीतही पोचलं नाही. तेव्हा नवरीनं लग्नाच्या आदल्या रात्री बसून ते स्वतःच लिहिलं. आपल्याकडे आदल्या रात्री नवरीच्या हाताला हळद आणि मेंदी असते. हिच्या हाताला शाई.

नवरा मात्र तिला भला मिळाला. विल्हेल्मला गाण्यातलं फारसं कळत नसेल, पण बायकोनं लिहावं आणि छापावं असं त्याला मनापासून वाटे. हे सांगायचं कारण, बायांच्या गोष्टीत नवरा नेहमी आडवाच येतो असं आपण धरून चालतो. इथं अडसर माहेरचा होता.

बर्लिनमध्ये लाइपत्सिगर रस्त्यावर तीन नंबरचं त्यांचं मोठं घर होतं, मागं बाग, बागेत एक दालन. तिथं फॅनीनं १८३१ पासून रविवारच्या बैठका पुन्हा सुरू केल्या. कार्यक्रम ती ठरवायची, गाणाऱ्यांना ती बसवायची, पियानो ती वाजवायची, समूहगान ती चालवायची. शंभराच्या वर माणसं यायची, त्यात लिस्टसारखे जगप्रसिद्ध कलावंतही. पण तिकीट नाही आणि वर्तमानपत्रात जाहिरातही नाही. त्यांच्या घरच्या बाईनं पैसे घेऊन लोकांसमोर वाजवणं बसत नव्हतं. १८३८ साली एका धर्मादाय कार्यक्रमात ती लोकांसमोर पियानो वाजवायला बसली. वाजवलं ते भावानं लिहिलेलं. आपल्या ओळखीचं वाटतं ना हे? काम सगळं करायचं, फक्त उंबऱ्याच्या आत.

आणि या सगळ्यात १८३४ साली तिनं तो क्वार्टेट लिहिला. आम्ही ऐकला तो. चार भाग आहेत त्याचे. रिवाज असा होता की पहिला भाग चपळ असावा, ऐकणारा जागा व्हावा. हिचा पहिला भाग संथ. जणू कोणी अंधारात चिमणी न लावता घरात फिरतंय, सगळं माहीत आहे कुठं काय ठेवलंय. दुसरा हलक्या पावलांचा, मध्येच चौघं एकमेकांमागं धावतात. तिसरा सर्वांत दुखरा. सूर एका ठिकाणी टेकतोय असं वाटतं आणि तो सरकतो, पुन्हा टेकतो, पुन्हा सरकतो. चौथा मात्र भिंगरी. आमच्या काकू, ज्या बाई कधी गाणार म्हणून विचारत होत्या, त्या चौथ्या भागाला पायानं ताल धरून बसल्या होत्या, आम्ही पाहिलंय.

फॅनीनं तो भावाला दाखवला. फेलिक्सचं मत तिच्यासाठी सर्वांत मोठं होतं, आणि खरं तर फेलिक्ससाठीही तिचं. तो आपलं नवं लिखाण तिच्या नजरेखालून घालायचा. जानेवारी १८३५ मध्ये त्याचं पत्र आलं. कौतुक होतं, पण तक्रारही होती : हे कुठल्या एका पट्टीत घर करत नाही, भटकत राहतं, घाट सैल आहे. फॅनीनं फेब्रुवारीत उत्तर दिलं. भांडली नाही. लिहिलं की आपण दोघं बेथोव्हनच्या शेवटच्या काळात वाढलो, त्याचा तो मऊपणा माझ्यात राहून गेला, तू त्यातून पुढं गेलास. आणि मोठं काही पेलून धरायची ताकद माझ्यात नाही, म्हणून मला गाणीच बरी जमतात.

त्यानंतर तिनं पुन्हा क्वार्टेट लिहिला नाही.

इथं आमच्यात वाद झाला, आणि तो मिटलेला नाही. काहींचं म्हणणं, भावानं कळी खुडली. काहींचं म्हणणं, त्यानं वाद्याच्या शास्त्रावर बोट ठेवलं, तो तर मित्रांनाही असंच सुनवायचा, मग बहिणीलाच गोड का बोलायचं? आम्हाला विचाराल तर, त्याची सूचना वाईट नव्हती. पण फेलिक्सला असं कोणी सुनावलं, तर पुढच्या महिन्यात दुसरा कार्यक्रम, दुसरे वादक, दुसरे ऐकणारे होते. फॅनीला ऐकणारा तो एकच होता. सगळी विहीर एकाच घरात असली, की त्या घरानं पाणी नाही म्हटलं म्हणजे तहानच.

आता एक किस्सा सांगतो, यानं सगळ्या खूश होतील. फेलिक्सनं तरुणपणी गाण्यांची दोन पुस्तकं छापली. त्यात प्रत्येकी तीन, अशी सहा गाणी फॅनीची होती. नाव मात्र फेलिक्सचं. १८४२ साली तो लंडनला गेला तेव्हा व्हिक्टोरिया राणीनं त्याला राजवाड्यात बोलावलं. तीच व्हिक्टोरिया, जिचा शिक्का आपल्या आज्यांच्या पुतळीमाळेशेजारी चांदीच्या रुपयावर असायचा. राणीला त्याची गाणी आवडायची. म्हणाली, मी एक गाते. आणि तिनं नेमकं फॅनीचं गाणं काढलं. छान गायली. फेलिक्सला कबूल करावं लागलं, महाराणी, हे माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. हे त्यानं स्वतः आईला पत्रानं कळवलं. जड गेलं, असंही लिहिलं.

मनात येतं, की आपल्या जात्यावरच्या ओव्या तरी कोणाच्या? प्रत्येक ओवी कुठल्यातरी बाईनं पहिल्यांदा म्हटलेली असणार. नाव कुठं आहे? फरक एवढाच, की ओवी सगळ्यांची झाली, कोणा एकाच्या नावावर चढली नाही.

१८३७ साली आईनंच फेलिक्सला गळ घातली, की फॅनीला छापायला उत्तेजन दे. त्यानं आईला उत्तर दिलं : तिनं ठरवलं तर मी मदत करीन, पण मी तिला त्या वाटेला लावणार नाही, ती घर सांभाळते, लेखक होण्याची ओढ तिला नाही. ओढ नाही! साडेचारशेच्या वर रचना करणाऱ्या बाईला.

मग आलं १८४६ साल. बर्लिनचे प्रकाशक तिच्याकडे मागणी घेऊन आले होते. तिनं भावाला पत्र लिहिलं, की मी चाळीस वर्षांची झाले आणि चौदाव्या वर्षी बाबांना भ्यायचे तशी आता भावांना भिते आहे, पण मी छापायचं ठरवलंय. परवानगी मागितली नाही, कळवलं. महिन्याभरानं फेलिक्सचा आशीर्वाद आला. त्याच वर्षी तिच्या गाण्यांचं पहिलं पुस्तक निघालं, फॅनी हेन्सेल या नावानं. चाळिशीतलं पहिलं पुस्तक. आमच्या गटात पन्नाशीत पहिली सही केलेल्या दोघी आहेत, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

मैत्रिणींनो, तिला पुढं एक वर्षही मिळालं नाही. १४ मे १८४७, शुक्रवार. रविवारच्या बैठकीची तालीम चालली होती, फेलिक्सचंच एक समूहगान. पियानोवर तिचे हात बधिर झाले. त्या रात्री ती गेली. वय एकेचाळीस.

फेलिक्सला बातमी कळली तेव्हा तो कोसळला. दफनाला जाण्याइतकंही त्राण नव्हतं. उन्हाळ्यात घरचे त्याला स्वित्झर्लंडला इंटरलाकेनला घेऊन गेले. तिथं त्यानं बहिणीसाठी एक क्वार्टेट लिहिला. पुन्हा तेच, दोन व्हायोलिनं, व्हिओला, चेलो. आयुष्यभर त्याची ओळख नीटनेटक्या, घोटीव संगीताची. पण हा क्वार्टेट सुरुवातीपासून थरथरतो. गज तारेवर कापल्यासारखे धावतात, मध्येच ओरडतात, तिसऱ्या भागात थोडी ओल येते, आणि शेवट पुन्हा तुटल्यासारखा. ४ नोव्हेंबर १८४७ ला तोही गेला, अडतिसाव्या वर्षी. बर्लिनमध्ये दोघं शेजारी शेजारी पुरलेले आहेत. त्यांचं ते घर आता नाही. त्या जागी आज जर्मनीच्या संसदेचं वरचं सभागृह आहे.

फॅनीच्या वह्या कुटुंबात आणि मग बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात राहिल्या. तिची एक पियानोची रचना, १८२८ सालची, पत्रांत उल्लेख असूनही सापडत नव्हती. १९७० च्या सुमारास पॅरिसमध्ये तिची वही मिळाली, वर 'एफ. मेंडेलसोन'. एफ म्हणजे फेलिक्सच, असं सगळ्यांनी धरलं. फॅनीचंही नाव एफनंच सुरू होतं हे कुणाच्या ध्यानात येऊ नये? रेकॉर्डही निघाली त्याच्या नावानं. २०१० साली अँजेला मेस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी पॅरिसला जाऊन मूळ वही पाहिली. अक्षर फॅनीचं, आणि पानांचे आकडे तिच्याच दुसऱ्या वहीतून कापलेल्या पानांशी जुळले. ८ मार्च २०१७ ला, महिला दिनी, लंडनमध्ये ती तिच्या नावानं वाजवली गेली आणि रेडिओवरून ऐकवली गेली. रेडिओवरून, ऐकताय ना!

वाजवणाऱ्या बायकांचं थोडक्यात सांगतो. विल्मा नेरुदा नावाची व्हायोलिनवाली १८६९ साली लंडनच्या सोमवारच्या लोकप्रिय बैठकांमध्ये क्वार्टेटच्या पहिल्या खुर्चीवर बसली, बाकी तिघं पुरुष. तिचं ऐकून इंग्लंडात मुली व्हायोलिन शिकायला लागल्या. १८८७ मध्ये एमिली शिनर यांनी लंडनला चारही बायकांचा क्वार्टेट काढला, १८९५ मध्ये मारी सोल्डाट यांनी व्हिएन्नात. त्याच व्हिएन्नाच्या सर्वांत नामांकित वाद्यवृंदानं मात्र बाईला सभासद करून घ्यायला १९९७ साल उजाडवलं.

परवाच्या बैठकीत आम्ही भावाचाही क्वार्टेट लावला. संपल्यावर बराच वेळ कोणी उठलं नाही. आजींनी विचारलं, "आता रडतोय. हयातीत का नाही छापलं?" एक ताई म्हणाल्या, "आजी, शेवटी आशीर्वाद दिला होता त्यानं." आजी म्हणाल्या, "दिला गं. उशिरा दिला." आणि चपला शोधायला लागल्या.

आज रात्री साडेआठला, बातम्यांनंतर, दोन्ही लागोपाठ लावणार आहोत. आधी बहिणीचा, साधारण वीस मिनिटं. मग भावाचा, तो थोडा मोठा आहे. भाकऱ्या उरकून घ्या. तिसरा भाग सुरू झाला की चेलो कुठं आहे ते शोधा, सगळ्यांत खालचा आवाज. आणि काय वाटलं ते नेहमीच्या नंबरावर कळवा. "झोप आली" असं वाटलं तर तेही कळवा, आमच्यातल्या दोघींना आली होती.